एका वाड्यातली चार बिऱ्हाडे

दर आठवड्याला या पानावर आपली गाठ पडते ती जेमतेम दीड रकान्याची. दिवाळी अंकात मात्र संपादक हात सैल सोडतात आणि लेखकालाही फराळाच्या ताटापुढे बसल्यासारखे वाटू लागते. म्हणून यंदा जरा पाल्हाळाने एक घरगुती हकीकत सांगण्याचे योजले आहे. विषय संगणकाचा आहे; पण वाचकांनी घाबरून पान उलटू नये. मी मराठीचा अध्यापक. यंत्राचे माझे ज्ञान एवढेच की, बटण दाबल्यावर दिवा लागला तर यंत्र ठीक आहे आणि नाही लागला तर भाच्याला हाक मारावी. तेव्हा जे माझ्या डोक्यात शिरले ते कोणाच्याही डोक्यात शिरेल, याविषयी खात्री बाळगावी.

आमचे घर अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या पश्चिमेला. गल्ली अरुंद, घरे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी. समोरच्या घरात एक निवृत्त मास्तर राहतात. उर्दू शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवले. त्यांचा दरवाजा आमच्या ओट्यापासून मोजून चाळीस पावलांवर आहे.

13 मे 2023 च्या रात्री जुन्या शहरात दंगल झाली, हे पुष्कळांना आठवत असेल. समाजमाध्यमावरच्या एका मजकुराचे निमित्त झाले. एक जीव गेला, कित्येक जखमी झाले, गाड्या जळाल्या. जमावबंदी आली आणि इंटरनेट बंद झाले. ते का बंद केले हे मला समजते. त्या रात्री अफवा माणसांच्या पुढे पळत होत्या. पण गल्लीतल्या घरांचा जो एक निरोपांचा गट होता, तोही त्याबरोबर मुका झाला. मास्तरांच्या घरी रक्तदाबाच्या गोळ्या आहेत की संपल्या, एवढे मला विचारायचे होते. फोन चालू होता. पण तशा रात्री फोनची घंटा वाजवून कोणाच्या काळजात धस्स करावे, असे वाटेना.

मी चडफडत म्हणालो, ''समोरच्या घरी चिठ्ठी पोहोचत नाही म्हणजे काय?''

भाचा संगणकाच्या अभियांत्रिकीला आहे, शिक्षणासाठी आमच्याकडेच असतो. तो म्हणाला, ''मामा, तुमची चिठ्ठी समोर जातच नाही. ती आधी कंपनीच्या कुठल्यातरी दूरच्या संगणकावर जाते आणि तिथून मास्तरांकडे परत येते. मधला रस्ता तुटला की संपलं.''

चाळीस पावलांचा निरोप परगावचे पाणी पिऊन येतो, हे मला ठाऊक नव्हते. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने आणि गल्लीतल्या दोन पोट्ट्यांनी मिळून पाच घरांचे आपापसांतले एक बिनतारी जाळे उभे केले, त्याचे मूळ या एका वाक्यात आहे.

बिनतारी का, असे आईनेही विचारले होते. ''काहून रे बाबू, सरळ वायर ओढली तं काय बिघडते?'' त्याचे उत्तर श्रावणात मिळते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराला कावडी येतात. उंच, सजवलेल्या पालख्या असतात. आधीच विजेच्या तारा आडव्या. त्यात आमची आणखी एक तार अडकवून गावाचा रोष कोण पत्करील? शिवाय गच्चीवरून गच्चीवर बिनतारी लहरी पाठवायला सरकारी परवाना लागत नाही. वायफायची जी जुनी लहरपट्टी आहे, ती 2005 पासून घराबाहेर वापरायलाही परवानामुक्त आहे. शक्तीची मर्यादा पाळली म्हणजे झाले. बाहेरचे इंटरनेट लोकांना वाटायचे तर त्याचे नियम निराळे, पण आम्हाला ते वाटायचेच नव्हते. पाच गच्च्यांवर पाच पांढरे डबे बसले. एका डब्याचा आवाज पोहोचला नाही, तर मधला डबा तो पुढे सरकवतो. लग्नात पंगतीत द्रोण हातोहात पुढे जातात, तसे.

जाळे झाले आणि आम्ही सारे त्याकडे पाहत बसलो. कारण त्यात काहीच नव्हते! रस्ता बांधला, पण रस्त्यावर ना दुकान, ना शाळा, ना चावडी. ही चूक आमच्या गल्लीपुरती नाही, हे मला मागाहून कळले. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मेळघाटात हरिसाल नावाचे गाव आहे. 2016 च्या सुमारास राज्य शासनाने आणि मायक्रोसॉफ्टने ते डिजिटल गाव म्हणून घडवायला घेतले. डोंगराळ मुलखात साध्या वायफायच्या लहरी पोहोचत नाहीत, म्हणून दूरचित्रवाणीच्या रिकाम्या राहिलेल्या लहरी वापरण्याचा प्रयोग तेथे झाला. कल्पना उत्तम होती. पुढे 2019 च्या लोकसभा निवडणुकीत ते गाव खरेच डिजिटल झाले की नाही, यावर जाहीर सभांतून वाद झडला. त्या वादात मला पडायचे नाही. पण गावात काय आले, यापेक्षा त्यातले काय टिकले आणि ते कोण राखते, हाच प्रश्न शेवटी उरतो, एवढे त्यातून माझ्या मनाने घेतले. पालघर जिल्ह्यातल्या गावांत मुंबईच्या आयआयटीने हेच काम 'ग्राममार्ग' या नावाने केले, आणि 2017 मध्ये मोझिला या संस्थेच्या स्पर्धेत त्याला सव्वा लाख डॉलरांचे पारितोषिक मिळाले. नाव पाहा कसे नेमके आहे: ग्राममार्ग. मार्ग झाला; आता त्या मार्गावर गाव वसले पाहिजे.

भाच्याने एका कार्यालयाने मोडीत काढलेला संगणक घेतला. चार गाभ्यांचा प्रोसेसर, 16 जीबी स्मृती, एक टीबीची तबकडी. किंमत सांगितली तर आमच्या घरची मंडळी 'एवढ्यात शिलाई मशीन आले असते' म्हणतील, म्हणून सांगत नाही. तो जिन्याखालच्या कोनाड्यात बसवला. त्यावर एक वाचनालय, एक निरोपांचा फळा आणि आईच्या ओव्यांचा साठा असे सगळे एकत्र मांडले.

ओव्यांविषयी थोडे सांगतो. आई 78 वर्षांची. तिच्या माहेरी, मूर्तिजापूरच्या बाजूला, जाते होते. त्यावर म्हटलेल्या ओव्या तिला तुटकतुटक आठवतात आणि त्या आमच्या घरात आणखी कोणालाच येत नाहीत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढा मोठा यज्ञ पाहिल्यावर निदान आपल्या घरातली मूठभर समिधा तरी वाया जाऊ नये, असे मला वाटले. मी रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर तिच्यापुढे फोन ठेवून ध्वनिमुद्रण करू लागलो. मराठीची एम.ए. पदवी घेऊन वर्गात लोकसाहित्य शिकवणारा मी. आणि घरातले लोकसाहित्य वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ऐकायला बसलो!

आता मूळ मुद्दा. सगळे एकत्र मांडल्याचे फळ महिन्याभरात मिळाले. पोट्ट्यांनी क्रिकेटचे गुण दाखवणारा काहीतरी खेळ त्यावर चढवला. त्या खेळाला जी नवी सामग्री लागत होती ती त्यांनी घातली. वाचनालयाला जुनी लागत होती, ते बंद पडले. खेळाने रात्रीतून तबकडी भरून टाकली, तेव्हा निरोपांचा फळाही अडकला. एकाच चुलीवर चौघींनी आपापले आधण ठेवले, तर दुसरे काय होणार?

''मामा, आता बिऱ्हाडं वेगळी करतो,'' भाचा म्हणाला. हा शब्द त्याने सहज वापरला. पण मला सारा उलगडा त्या शब्दाने झाला.

जुन्या शहरातला वाडा आठवा. एकच बांधकाम, एकच विहीर, एकच दिंडी. पण आत चार बिऱ्हाडे. प्रत्येकाचे दार वेगळे, चूल वेगळी, कुलूप वेगळे. एकाकडे भांडण झाले तरी दुसऱ्याच्या वरणाला फोडणी मिळतेच. संगणकातही असेच करता येते. एक मुख्य प्रणाली वाड्याच्या मालकासारखी खाली बसते आणि प्रत्येक बिऱ्हाडाला ठरावीक स्मृती, ठरावीक गाभे, ठरावीक जागा तोडून देते. त्या बिऱ्हाडातल्या कार्यक्रमांना वाटते की, सारा संगणक आपलाच आहे. प्रत्यक्षात त्यांची 'तबकडी' म्हणजे मालकाच्या फडताळातली एक मोठी फाइल असते! याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मराठीत 'आभासी यंत्र' असा शब्द रूढ होत आहे. पण आभास म्हटले की मृगजळ डोळ्यांपुढे येते, आणि हे यंत्र तर खरोखरीचे काम करते. पोटमाळा, पोटभाडेकरू हे शब्द आपल्या भाषेत आहेतच. मी त्याला आपला 'पोटसंगणक' म्हणतो. कोशकारांनी विचार करावा.

ही युक्ती नवी नाही. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या केंब्रिज येथे आयबीएमच्या केंद्रात ती प्रथम साधली. तेव्हा संगणक खोलीएवढे आणि किंमत डोळे पांढरे करणारी. म्हणून एकाच यंत्रात प्रत्येकाला स्वतंत्र यंत्राचा भास द्यायचा. 1972 पासून ते त्यांच्या मोठ्या यंत्रांबरोबर बाजारातही आले. 2007 मध्ये लिनक्स या मुक्त प्रणालीच्या गाभ्यातच हे सामर्थ्य आले, आणि आमच्या जिन्याखालचा मोडीतला संगणकही वाडा होण्यास लायक ठरला. भाच्याने प्रॉक्समॉक्स नावाची जी प्रणाली घातली ती व्हिएन्नातली. ती मुक्त आहे, वापरायला पैसे पडत नाहीत.

येथे मला आमच्या जिल्ह्याचा थोडा अभिमान मिरवू द्यावा. डॉ. विजय भटकर यांचा जन्म अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचा. त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये 'परम' हा महासंगणक सिद्ध केला. त्यातली युक्ती म्हणजे अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपून त्यांच्याकडून एका बलाढ्य यंत्राचे काम करून घेणे. आमचा भाचा त्याच्या उलट करत होता: एका गरीब यंत्राची चार यंत्रे! थोरांनी अनेकांना एकत्र आणावे आणि आमच्यासारख्यांनी एकातच चौघांची सोय लावावी, हे रीतीला धरूनच झाले.

तर चार बिऱ्हाडे वसली. पहिले पुस्तकांचे: त्यात किविक्स या साधनाने मराठी विकिपीडियाची पूर्ण प्रत उतरवून ठेवली आहे, ती इंटरनेट नसतानाही वाचता येते, शिवाय गल्लीतल्या घराघरांतल्या पुस्तकांची यादी आणि पोरांच्या जुन्या प्रश्नपत्रिका. दुसरे निरोपांचे: नळ कोणत्या दिवशी येणार, कोणाकडे गोळ्या आहेत, कोणाची मांजर हरवली. तिसरे आवाजांचे: आईच्या ओव्या आणि मास्तरांच्या जुन्या कॅसेटींतले मुशायरे. चौथे पोरांच्या खटपटीचे. तेथे त्यांनी काहीही मोडावे, तोडावे. भिंतीपलीकडे त्याची झळ जात नाही.

ही हौस फक्त आपल्याकडचीच, असेही नाही. स्पेनमध्ये कॅटलोनियात 2004 साली खेड्यांतल्या लोकांनी 'गिफी' नावाचे स्वतःचे जाळे सुरू केले. कंपन्या तेथे जोडणी द्यायला येत नव्हत्या, म्हणून लोकांनी आपणच खांब, डबे, पुढे केबलीसुद्धा उभारल्या. आज त्या जाळ्यात तीस हजारांहून अधिक ठाणी आहेत. त्यांनाही आमच्यासारखाच प्रश्न पडला की रस्त्यावर वसवायचे काय. तेव्हा लोकांच्या घरातल्या लहान यंत्रांवरच सेवा चालाव्यात, म्हणून 'क्लाउडी' नावाची एक तयार प्रणाली त्यांच्यासाठी बनवण्यात आली. हे वाचून भाच्याला जो आनंद झाला, तो परीक्षेत पहिला आला असता तरी झाला नसता.

मला सर्वांत आवडली ती 'स्नॅपशॉट'ची सोय. खटपट करण्यापूर्वी त्या बिऱ्हाडाची क्षणभराची स्थिती टिपून ठेवायची. बिघडले की एका बटणासरशी मागच्या क्षणाला परत. माणसाच्या संसाराला ही सोय असती तर, असा विचार विवाहित वाचकांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही.

पण याच आनंदात माझी चूक झाली. माझी समजूत अशी झाली की स्नॅपशॉट आहे म्हणजे प्रत आहे. भाच्याने बजावले होते, ''मामा, स्नॅपशॉट त्याच तबकडीवर असतो. वाडाच पडला तर बिऱ्हाड आणि त्याचा फोटो, दोन्ही गेले. खरी प्रत दुसऱ्या घरात पाहिजे.'' म्हणून त्याने दर रविवारी रात्री बिऱ्हाडांची प्रत बिनतारी जाळ्यातून मास्तरांच्या घरच्या जुन्या संगणकावर जाण्याची व्यवस्था केली होती. आवाजांच्या बिऱ्हाडाला कुलूप होते. मास्तरांच्या घरी त्याची पेटी राहील, पण किल्ली आमच्याकडे, आणि तसेच त्यांच्या मुशायऱ्यांचेही ठरले. मास्तर हसून म्हणाले, ''प्रोफेसरसाहेब, किल्लीची गरज नव्हती. पण हिशेब चोख असलेला बरा.''

मे 2024 उजाडला. अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो सांगून कळणार नाही. महिनाअखेरीस पारा 45 अंशांच्या वर गेला आणि उन्हापायी जिल्हाधिकाऱ्यांना 144 कलम लावावे लागले. वर्षापूर्वी हेच कलम माणसांच्या रागासाठी लागले होते. त्या रविवारी रात्री उकाड्याने झोप येईना. जिन्याखालचा संगणक घोंघावत होता, त्याची झळ खोलीत येत होती. भाचा परीक्षेच्या अभ्यासासाठी मित्राकडे गेला होता. मी उठलो आणि सरळ बटण बंद केले. सकाळी चालू केले आणि विसरून गेलो.

बुधवारी दुपारी तबकडी गेली. टक् टक् असा आवाज आला आणि चारही बिऱ्हाडे एकदम अंधारात बुडाली.

भाचा आला. त्याने कान लावून ऐकले, मान हलवली आणि काही न बोलता समोर मास्तरांच्या घरी गेला. मी ओट्यावर उभा राहून पाहत होतो. अर्ध्या तासाने माझ्या फोनवर निरोपांचा फळा उघडला. पत्ता तोच, मजकूर तोच. बिऱ्हाड मात्र चाळीस पावले पलीकडे गेले होते! पोटसंगणकाची खरी करामत मला त्या दिवशी दिसली. बिऱ्हाड म्हणजे एक फाइल. तिची प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवली की भिंतींसकट, चुलीसकट, फडताळातल्या डब्यांसकट ते तेथे उभे राहते. मास्तरांच्या संगणकात जागा कमी, स्मृती 8 जीबी, चारही मावेनात. म्हणून निरोप आणि आवाज ही दोनच चालू केली, बाकीची नवी तबकडी येईपर्यंत थांबली.

आवाजांचे बिऱ्हाड मी उघडले. ओव्या होत्या. पण प्रत निघाली ती आदल्या रविवारची. मी बंद केलेल्या रात्रीची प्रत निघालीच नव्हती. मधल्या दिवसांतली तीन मुद्रणे गेली. फोनमध्ये जागा राहावी म्हणून मी ती तेथूनही पुसली होती.

भाच्याने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते. आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, ''मंग काय झालं? पुन्हा म्हनतो मी.'' दोन ओव्यांचे गठ्ठे तिने पुन्हा म्हटले. तिसरा तिच्या आईचा होता, माहेराहून निघताना म्हटलेला. तिने सुरुवात केली, दोन ओळी गेल्या आणि ती थांबली. पदराशी चाळा करत बराच वेळ बसली. मग म्हणाली, ''आता नाई आठवत बाबू. त्या दिवशी आलं होतं तोंडात.''

त्यानंतर कितीदा तरी विचारले. आलेले नाही.

वाचकहो, आपापसांतले जाळे उभारणे अवघड नाही, आणि एका संगणकात चार बिऱ्हाडे वसवणे तर आता कॉलेजातली पोरेही करतात. ही विद्या स्वस्त झाली आहे. महाग आहे ती राखण. हरिसालविषयी वाचताना यंत्रे कोण राखते असे मी मोठ्या तोऱ्यात विचारत होतो. आमच्या जिन्याखाली त्याचे उत्तर मीच होतो, आणि मी बटण बंद केले. आता आमचे तीन नियम आहेत, ते कोणालाही उपयोगी पडतील. प्रत नेहमी दुसऱ्या छपराखाली असावी. किल्ली दोघांपाशी असावी. आणि प्रत खरोखर निघाली की नाही, ती उघडते की नाही, हे दर सोमवारी एका माणसाने डोळ्यांनी पाहावे. आमच्याकडे ते काम मी मागून घेतले आहे. ओव्यांची तिसरी प्रत बहिणीबरोबर अमरावतीला जाते.

यंदा दिवाळीची साफसफाई करताना घरच्या मंडळींनी जिन्याखालचा कोनाडा पुसला, संगणकापुढे रांगोळीचे एक बोट ओढले आणि शेजारी पणती ठेवली. मी ती उचलून चार हात लांब ठेवली; यंत्राला उष्णता चालत नाही, हे आता मलाही कळते. आई हल्ली रोज संध्याकाळी फोन पुढे ठेवण्याआधी विचारते, ''समोर धाडलं का कालचं?'' मी हो म्हटल्यावरच ती गळा साफ करते.

आपणा सर्वांस ही दीपावली सुखाची जावो. फराळ झाल्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसापाशी घटकाभर बसावे, ते जे म्हणतील ते टिपून घ्यावे, आणि त्याची एक प्रत समोरच्या घरी ठेवावी.